‘येणार आहे’ असे लिहिणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सादर प्रणाम.

हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे, कारण आपण केलेले काम शाळेच्या कोणत्याही अहवालात नोंदले जाणार नाही. ज्यांची मुले शाळेचे नाव काढताच पोटात दुखते म्हणून अंथरुणात पडून राहतात, त्या आईवडिलांपर्यंत तरी ते पोहोचावे, असे मला मनापासून वाटते.

आम्ही पारोळा तालुक्यातल्या खेड्यातले, घरात अहिराणी बोलणारे. मुलीच्या आधीच्या शाळेतही चार हाउस, म्हणजे मुलांचे गट, होते, पण रंगीत टी-शर्ट, क्रीडादिनाचे संचलन आणि गुणांचा फलक यांपलीकडे त्यांना काही काम नव्हते. वर्गात तिच्या तोंडून अहिराणी शब्द निघाला की हाउसचे गुण कापले जात, आणि तो तोटा साऱ्या गटाचा असल्यामुळे मधल्या सुट्टीत मुली तिला ऐकवत, “तुझ्यामुळे आपण मागे पडलो.” ज्या गटाने तिला सांभाळून घ्यायचे, त्यालाच तिच्या विरोधात उभे केले गेले. आम्ही भेटायला गेलो, तेव्हा “मुलगी मिसळत नाही, तुम्ही घरी लक्ष द्या,” एवढेच उत्तर मिळाले. अकरा वर्षांच्या पोरीने मिसळायला शिकायचे आणि मोठ्यांनी गुण मोजत बसायचे, हा कुठला न्याय? तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आपल्या शाळेत ती बोरी हाउसमध्ये आली. पाचवीपासून दहावीपर्यंतच्या मुली तिथे एकत्र असतात. दरवर्षी तुकडी बदलते, वर्गशिक्षक बदलतात, पण हाउस तेच राहते आणि हाउसच्या बाईही त्याच राहतात. एखादी मुलगी गप्प झाली आहे, डबा उघडत नाही, हे एका वर्षापुरत्या ओळखीत लक्षात येईलच असे नाही. ते लक्षात यायला कोणीतरी तिला आधीपासून पाहिलेले असावे लागते. शिवाय वरच्या वर्गातली एखादी ताई नावाने हाक मारू लागली, की नव्या मुलीला जिन्यावरून एकटे उतरण्याची भीती वाटत नाही.

पण मला सांगायचे आहे ते त्या फलकाविषयी. दर सोमवारी आपण हाउसच्या फलकावर कामांची वाटणी लिहिता: परिपाठ, सुविचार, वाचनालयाचे कपाट, झाडांना पाणी. पावसाळ्यात मुलीला टायफॉइड झाला आणि ती अंथरुणाला खिळली. शाळेत आपली जागा आता कोणीतरी घेतली असेल, हे तिने मनाशी धरूनच टाकले होते. तेवढ्यात तिच्या मैत्रिणीच्या आईने त्या फलकाचा फोटो पाठवला. ‘झाडांना पाणी’ या ओळीत आमच्या मुलीचे नाव होते आणि त्याच्या पुढे आपल्या अक्षरात लिहिले होते, ‘येणार आहे’. पुढच्या सोमवारीही तेच. काम दुसरी मुलगी करत होती, पण नाव आपण पुसले नाही. मुलगी तो फोटो बोटांनी मोठा करून पुन्हा पुन्हा पाहत होती, आणि आजीला म्हणाली, “मनं नाव लिखेल शे.” औषधाने ताप उतरला, हे खरेच, पण शाळेत परत जायची ओढ तिला त्या दोन शब्दांनी लावली. ती गेली, त्या दिवशी कोणी गाजावाजा केला नाही. नववीतल्या ताईने तिच्या हातात झारी दिली आणि जास्वंदीला आज कमी घाल, एवढेच सांगितले.

हाउसची ही पद्धत मुळात इंग्लंडच्या निवासी शाळांतली. तिथे मुले आपापल्या हाउसमध्ये राहत आणि त्यांच्या दुखण्याखुपण्याची जबाबदारी हाउसच्या शिक्षकावर असे. आपल्याकडे नवोदय विद्यालयांत अरवली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी अशी सदने आहेत, आणि तिथेही मुले निवासी असल्यामुळे त्यांची काळजी ओघानेच येते. रोज घरी परतणाऱ्या मुलांच्या अनेक शाळांनी मात्र त्यातली स्पर्धा तेवढी घेतली आणि काळजी सोडून दिली. आपण ती सोडली नाही. साने गुरुजींनी 1924 ते 1930 या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवले आणि तिथल्या वसतिगृहातली मुले पोटच्या लेकरांसारखी सांभाळली. त्या मातीत मुलांना जीव लावणारे शिक्षक आजही आहेत, हे मी आता ऐकीव म्हणून नव्हे, तर अनुभवाने सांगू शकते. माणसाने माणसाची आठवण ठेवावी, त्याची जागा राखावी, यासाठी ना निधी लागतो ना शासनाचा आदेश.

आपल्याबरोबरच त्या नववीतल्या ताईचे आणि आमच्या मुलीचे काम न कुरकुरता करणाऱ्या मैत्रिणीचेही आभार. त्या दोघींना सोबत घेऊन आपण आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्या घरी यावे. खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस तयार असेल, आणि मुलीच्या आजीला आपल्याशी अहिराणीत पोटभर बोलायचे आहे.

आपली कृतज्ञ,
बोरी हाउसमधल्या एका मुलीची आई