मुठेच्या पुलांवर फोटोसाठी कायमच्या जागा ठरवून द्या

प्रति,
मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका

स. न. वि. वि.

मुळा, मुठा आणि मुळा-मुठेच्या मिळून ४४ किलोमीटर पात्रात नदीकाठ सुधारणेचं काम चालू आहे. डेक्कनच्या बाजूला मेट्रोचे खांब पात्रातच उभे आहेत. या बदलाचे फोटो खंडीभर आहेत, पण दोन शेजारी ठेवले तर जागा, उंची, लेन्स काहीच जुळत नाही. म्हणून मागणी एकच: लकडी पूल, झेड पूल, १९२३ चा शिवाजी पूल, बंडगार्डनचा जुना पूल अशा प्रत्येक ठिकाणी फोटोच्या जागा कायमच्या आखून द्या.

पुलावर दोन जागा हव्यात, प्रवाहाच्या वरच्या आणि खालच्या अंगाला. दोन्ही खांबाच्या बरोबर वर. दोन खांबांच्या मध्ये बस गेली की पूल थरथरतो आणि संध्याकाळचा फोटो हलतो. कठड्यावर मोबाइल टेकेल अशी खाचेची पट्टी पुरे. दगडी पुलांना मात्र भोक पाडू नका, पदपथावर रंगाची खूण करा. कॅमेरा पाणसळीत ठेवायचा. वर-खाली कलला की खांब तिरके दिसतात आणि तुलना फसते. शहरात मुठा साधारण ईशान्येकडे वाहते, म्हणून वरच्या अंगाचा फोटो सकाळी आणि खालचा दुपारी उशिरा काढला तर ऊन पाठीशी राहतं.

तिसरी जागा काठावर हवी. पुलावर उभं राहून त्याच पुलाचा पाया दिसत नाही, आणि खरी काळजी पायाचीच. पुरात खांबाच्या पुढच्या तोंडाशी माती खणली जाते. पाणी ओसरताना तोच खड्डा गाळाने भरतो आणि सगळं ठीक दिसतं. त्यामुळे फोटो म्हणजे तपासणी नव्हे, पाण्याखालचा पाया वेगळा तपासावाच लागेल. पण खांबावर मीटरच्या खुणा रंगवल्या, तर तळ किती खचला किंवा गाळ किती चढला हे दर वर्षी डोळ्यांनी मोजता येईल. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा पूल वाहून गेला, हे आपण विसरू नये. पायाचे फोटो पावसाळ्यानंतर नोव्हेंबरात घ्यावेत. पुढे जलपर्णी दाटली की खांबाचा तळ झाकून जातो.

प्रत्येक फोटोसोबत तारीख, वेळ आणि खडकवासला धरणाचा विसर्ग किती क्युसेक व कधी सोडला, हे लिहिलेलं असावं. विसर्ग माहीत नसेल तर भिडे पूल पाण्याखाली गेल्याच्या फोटोवरून फार काही कळत नाही. मूळ फाइलच घ्या. व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखा पाठवलेला फोटो लहान होतो आणि त्यातली वेळ-ठिकाणाची नोंद गळते.

आणि एक लेखी परिपत्रक काढा: पदपथावरून, रहदारीला अडथळा न करता फोटो काढायला परवानगी लागणार नाही. तिपाई उघडताच हटकलं जातं, आणि कोणत्या नियमाने, ते सांगता येत नाही.

यंदाच्या पावसाळ्याआधी निदान शिवाजी पूल आणि लकडी पुलावरच्या खुणा रंगवून घ्याव्यात, ही विनंती.

आपले,
नदी आणि पुलांचे फोटो काढणारे पुणेकर