लिंबावरचा नीलवंत

महोदय,

पत्नीच्या निधनानंतर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचे आमचे घर मला फार मोठे वाटू लागले आणि तिने लावलेल्या झाडांना पाणी घालणे एवढेच सकाळी उठण्याचे कारण उरले. पावसाळ्यात तिच्या कागदी लिंबाच्या पानांवर पक्ष्यांच्या विष्ठेसारखे काही दिसले. पुसायला गेलो तेव्हा ते हलले. त्या अळ्या होत्या. पुढे कात टाकून त्या पानांसारख्याच हिरव्या झाल्या आणि काडीने हलकेच डिवचले की डोक्यामागून लाल शिंगे बाहेर काढून उग्र वास सोडू लागल्या. शेजाऱ्यांनी औषध फवारण्याचा सल्ला आपुलकीनेच दिला, परंतु माझा हात धजावला नाही. रेशमी धाग्याच्या पट्ट्याने फांदीला टेकलेल्या एका कोषासमोर मी रोज चहा घेऊन बसत असे, आणि एका सकाळी त्यातून काळ्या पंखांवर निळी झळाळी असलेले फुलपाखरू बाहेर आले. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ज्याला राज्य फुलपाखराचा मान दिला, तोच हा नीलवंत. पंख वाळेपर्यंत तो तेथेच लटकून होता, आणि तेवढा वेळ घरात दुसरे कोणी नाही याची मला आठवणही झाली नाही.

लिंबाची काही पाने गेली, पण झाडाला पुन्हा पालवी फुटली आहे. ज्यांच्या अंगणात लिंबू किंवा पपनस असेल, त्यांनी अळ्या दिसताच फवारणी करू नये, एवढी विनंती आहे.

– एक निवृत्त शिक्षक, सातारा