परीक्षणकर्त्यांनी एकदा शिमग्याला यावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतले त्या अंतराळ-कादंबरीचे परीक्षण दोनदा वाचले. पहिल्यांदा चहाबरोबर, दुसऱ्यांदा रक्तदाबाच्या गोळीबरोबर. परीक्षणकर्ते विद्वान आहेत, हे त्यांच्या नावाखाली छापलेल्या पदव्यांवरून कळलेच. पण 'ज्या समाजाकडे एका ताऱ्यावरून दुसऱ्या ताऱ्याकडे जाणारी याने आहेत, तो समाज घराण्याच्या मानापमानासाठी तलवारी उपसेल हे बुद्धीला पटत नाही' हे त्यांचे वाक्य वाचून मला त्यांचीच काळजी वाटली. हे गृहस्थ कधी कोकणात आले आहेत का? आले असतीलच तर मासे खाऊन परत गेले असणार.

त्यांना माझ्यातर्फे शिमग्याचे आमंत्रण द्यावे. राहण्या-जेवणाची सोय आमच्याकडे.

मागे एका शिमग्याला आमच्या गावची पालखी सहाणेवर, म्हणजे ती टेकवायच्या चौथऱ्यावर, आली होती. वर ड्रोन घोंघावत होता. रजा न मिळालेले विरार-दिव्याचे चाकरमानी घरी बसून फोनवर सगळे थेट बघत होते आणि ढोल नीट ऐकू येत नाही म्हणून तक्रारी लिहीत होते. त्याच ड्रोनच्या बरोबर खाली दोन मानकरी पालखीचा पुढचा दांडा धरून उभे. एकाच्या सदऱ्याची बाही खांद्यात उसवलेली, दुसऱ्याच्या फेट्याचा शेव त्याच्याच पायाखाली आलेला, आणि दांडा सोडायला कोणीच तयार नाही. दोघांच्याही खिशात स्मार्टफोन होते, हे परीक्षणकर्त्यांच्या माहितीसाठी सांगतो.

निमित्त झाला माझा पुतण्या. पोरगा मुंबईत वाढलेला, नुकती बारावीची परीक्षा देऊन आलेला. पुढच्या दांड्याखाली जागा रिकामी दिसली, याने खांदा दिला. पुढचा खांदा कोणाचा, मागचा कोणाचा, सहाणेपर्यंत कोणी न्यायची आणि सहाणेवरून कोणी उचलायची, हे सगळे पिढ्यानपिढ्या ठरलेले असते, ते त्याला कोण सांगणार? मागून एका म्हाताऱ्याने त्याची कॉलर धरली आणि गर्दीला विचारले, "ह्यो कुनाचा?" त्याचे नाव कोणी विचारले नाही. पुढचे सगळे नेहमीचेच. बाचाबाची, पोलीस पाटील, देवाला कौल, त्या कौलाचा दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीने लावलेला अर्थ, तहसीलदारांपुढे बैठक, पालखी देवळात, आणि शेवटी दावा. दावा चालूच आहे.

आता कादंबरीकडे येतो. येतो म्हणजे काय, तिच्यातच आहे मी अजून.

पोराला त्या दिवशी कॉलर धरल्याचे दुःख नव्हते. त्या रात्री तो जेवला नाही त्याचे कारण वेगळे होते. भांडायला सगळे माझ्याशी आले, माझ्या मोठ्या भावाशी आले, त्याच्याशी कोणीच भांडले नाही. ज्याने खांदा दिला त्याला बाजूला उभे करून बाकीचे आपसांत लढत होते. परीक्षणकर्ते या कादंबरीतल्या द्वंद्वांना 'मारामारीची भरताड' म्हणतात. द्वंद्वाचा मुख्य कायदा तलवारीचा नसतो, आव्हान कोणाला देता येते याचा असतो. युरोपातसुद्धा सरदार सरदाराला आव्हान देई. खालच्या माणसाने अपमान केला तर त्याला नोकराकडून काठ्या. कादंबरीतला तो मुलगा बंदरागणिक नव्या यानात चढतो, अपमान गिळतो, तलवार शिकतो, ते सगळे कशासाठी? कोणीतरी आपल्याला आव्हान देण्याच्या लायकीचे समजावे, एवढ्यासाठी. वयात येणे म्हणतात ते हेच. तीनशे पाने वाचून परीक्षणकर्त्यांना हे दिसू नये?

पुतण्याला दिसले. तालुक्याच्या वाचनालयातली प्रत आहे, त्याने कादंबरीतल्या मुलाला रांगेत कुठे उभे राहायचे ते सांगतात त्या पानावर शिसपेन्सिलीने खुणा केल्या आहेत. (ग्रंथपालबाई हे वाचत असतील तर खुणा मी खोडून देईन.) अठरा पूर्ण झाल्यावर त्याच दाव्यात त्याच्याही नावाने कोर्टाची नोटीस आली. प्रतिवादी म्हणून, पूर्ण नाव, वडिलांचे नाव, वय, धंदा शिक्षण. घरातल्या बायका रडवेल्या झाल्या आणि हा पठ्ठ्या नोटिशीचा फोटो काढून स्टेटसला लावतो! मी ओरडलो. पण त्याच्या चेहऱ्यावरून त्याला पेढेच वाटायचे होते हे स्पष्ट दिसत होते.

आणि इतक्यात आपल्या परीक्षणकर्त्यांनी काय केले, तर शेवटच्या द्वंद्वात कोण पडतो ते तिसऱ्याच परिच्छेदात सांगून मोकळे झाले. पोराची चार प्रकरणे राहिली होती. पुस्तकाचा शेवट फोडणे हा कोणत्या समीक्षाशास्त्रातला नियम आहे ते त्यांनी कृपया कळवावे.

राहता राहिला त्यांचा 'यंत्रयुगात सरंजामशाही टिकत नाही' हा सिद्धांत. १९३२ साली जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला विमानाने उतरले. पुढच्याच वर्षी, जुहूहून दर्या ओलांडला की अलिबागकडे चरी गावात, कुळांनी खोतांविरुद्ध, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या वतनदारांविरुद्ध, जमिनी कसायला नकार दिला आणि तो संप १९३९ पर्यंत चालला. डोक्यावरून विमाने जात होती आणि खाली खोत पिकातला वाटा आणि वेठ मागत होता. विमानाने खोती गेली नाही. शेतकरी नेते नारायण नागू पाटलांना कुळे उभी करावी लागली, बाबासाहेबांना १९३७ मध्ये कायदेमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक आणावे लागले, आणि कायदा व्हायला १९४९ उजाडले. उलट आमच्याकडे जुनी माणसे सांगत की गावात पहिली मोटार खोताच्याच दारात आली. यंत्र आधी कोणाच्या दारात येते हे ठरलेले असते हो.

दर्यावर्दी सरंजाम बघायचे तर आंग्र्यांचे घराणे आहेच. कान्होजींचे दस्तक, म्हणजे परवाना, असल्याशिवाय या किनाऱ्यावरून गलबत सुखाने जात नसे. १७२९ मध्ये ते गेले, १७३३ मध्ये सेखोजी गेले, आणि मग संभाजी आणि मानाजी एकमेकांच्या उरावर बसले. एक विजयदुर्गाला, एक कुलाब्याला. शेवटी १७५६ मध्ये विजयदुर्गाखाली त्यांचाच भाऊ तुळाजी याचे आरमार इंग्रजांनी जाळले तेव्हा इंग्रजांच्या बाजूने पेशवे होते. गुराबा, म्हणजे लढाऊ गलबते, उत्तम, तोफा उत्तम, खलाशी तर विचारूच नका, आणि घर भाऊबंदकीने बुडाले. ही गोष्ट कोणी ग्रह-ताऱ्यांवर नेऊन लिहिली असती तर आपले परीक्षणकर्ते म्हणाले असते, पटत नाही.

बरे, आपले लोक मागासलेले असे त्यांना वाटत असेल तर ज्यांच्या जहाजांनी निम्मे जग बांधले त्या ईस्ट इंडिया कंपनीचे बघू. १७ ऑगस्ट १७८० रोजी कलकत्त्यात गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज आणि त्याच्याच कौन्सिलचा सभासद फिलिप फ्रान्सिस पिस्तुले घेऊन समोरासमोर उभे राहिले. फ्रान्सिस जखमी झाला. राज्य चालवणारे हे दोघे. आणि गणितातला एव्हारिस्त गाल्वा १८३२ मध्ये द्वंद्वात गोळी लागून मेला तेव्हा विशीतला होता. आदल्या रात्री मित्राला पत्र लिहून त्याने आपले गणित मांडून ठेवले होते. बुद्धी आणि द्वंद्व एका डोक्यात राहत नाहीत असे म्हणणाऱ्यांनी एवढे एक पत्र आठवावे.

कादंबरी थोर आहे असे माझे म्हणणे नाही. मधली शंभर पाने राजदरबाराच्या पोशाखांतच गेली आहेत आणि अनुवादकाने तलवारीच्या प्रत्येक भागाला संस्कृत नाव शोधून काढले आहे, ते वाचताना दमायला होते. पण ती न पटण्यासारखी आहे, हे पुण्यात बसून ठरवू नये.

आपला,
संगमेश्वर तालुक्यातील एक जुना वर्गणीदार

ता. क. : त्याच पानावर खाली चौकटीत 'लॉकियर यांनी विजयदुर्गावर दुर्बीण लावून हेलियम शोधला' असे पुन्हा छापले आहे. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास ग्रहण झाले तेव्हा लॉकियर साहेब इंग्लंडात होते. ग्रहण पाहणारे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते. लॉकियर यांनी सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची रेषा पुढे ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, इंग्लंडातूनच पाहिली. ते ग्रहणासाठी हिंदुस्थानात आले ते १८७१ मध्ये, आणि तेही केरळातल्या बेकलच्या किल्ल्यावर. विजयदुर्गावर लॉकियर साहेबांचे म्हणून दाखवतात ते ओटे बघायला लोकांनी जरूर यावे, आमची हरकत नाही. दुरुस्ती छापणार असाल तर पुरवणीतच छापा, आतल्या पानावर निविदांच्या शेजारी नको.