सिस्टर, शिरगाव आलं

आदरणीय सिस्टर,

सप्रेम नमस्कार. तुमचं नाव मला ठाऊक आहे, बिल्ल्यावर रोज वाचायचो. पण इथे लिहीत नाही, कारण चारचौघांत कौतुक केलेलं तुम्हाला खपत नाही. कुडाळच्या आहात, एवढं सांगितलं तर चालेल ना?

मी तुमच्या रेडिएशन विभागात आलो तेव्हा तोंडाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनला पाच आठवडे झाले होते. डावा गाल, जबड्याचा तुकडा आणि मानेतल्या गाठी काढलेल्या. तीस वर्षं तंबाखूची गोळी त्याच गालात धरून तिकिटं फाडली. गाठ गेली म्हणजे सुटलो, असं धरून बसलो होतो, तर डॉक्टर म्हणाले, "30 फ्रॅक्शन, 60 ग्रे." म्हणजे रेडिएशनचा, किरणांचा शेक तीस हप्त्यांत; ग्रे हे त्या किरणांचं माप. मी ऐकलं फ्रॅक्चर. बाहेर येऊन हिला चिठ्ठीवर लिहून दाखवलं, "हाडं मोडणार." चिठ्ठी तुम्ही वाचलीत, हसलात आणि विचारलंत, "काका, खंयचे तुमी?"

देवगड म्हटल्यावर तुम्ही शेतावरूनच समजावलंत. शेत कितीही बेणलं तरी हरळीचं एखादं मूळ मातीत राहतं, ते डोळ्यांना दिसत नाही; हा शेक त्याच्यासाठी. एकदम दिला तर चांगलं मांसही जळेल. रोज थोडा दिला की चांगल्या पेशी दुसऱ्या दिवसापर्यंत सावरतात, कॅन्सरच्या पेशींना तेवढं सावरायला जमत नाही. म्हणून सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे. शेक सुरू व्हायच्या आधी दातांच्या डॉक्टरांकडे धाडलंत. खालच्या दोन किडक्या दाढा गेल्या. तेव्हा मनात तुम्हाला शिव्या घातल्या. नंतर कळलं, शेक घेतलेल्या जबड्यातली दाढ काढली तर हाड लवकर भरत नाही.

मास्कचं मात्र कितीही सांगितलंत तरी भीती गेली नाही. जाळीचा प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यातून काढून तोंडावर दाबला, ओल्या टॉवेलसारखा ऊबदार. पाच-दहा मिनिटांत तो नाकाडोळ्यांसकट माझाच साचा होऊन कडक झाला. मग रोज तोच चढवून टेबलाला खुंट्यांनी अडकवायचे. मान हलवायची सोय नाही. दार बंद, खोलीत मी एकटा. तुम्ही म्हणालात, "तुमचा रूट म्हणा मनात." देवगड, डबल बेल. जामसंडे, तळेबाजार, मग शिरगाव. मशीन डोक्याभोवती गुरगुरत फिरायचं. दुखत नाही, गरम लागत नाही, काही म्हणजे काही कळत नाही. शिरगाव येईपर्यंत थांबायचंच. नांदगाव तिठ्याला तीस दिवसांत एकदाही पोचलो नाही.

पुढे काय होणार, ते तुम्ही पहिल्याच दिवशी सांगून टाकलंत. पहिल्या आठवड्यात वाटेल, याला उगाच घाबरलो. दुसऱ्यात चव जाईल. तिसऱ्यापासून तोंड येईल, थुंकी दोरीसारखी चिकट होईल, मानेची कातडी काळी पडेल, दुपारी बसल्या जागी झोप लागेल. आणि सगळ्यात वाईट दिवस शेक संपल्यानंतरच्या दोन आठवड्यांत. सगळं तस्संच झालं, आमची एसटीसुद्धा इतकी वेळापत्रकाला धरून चालत नाही. ते शेवटचं वाक्य सांगून ठेवलं नसतंत, तर संपल्यावर तोंड आणखी सोललं तेव्हा आजार उलटला असं समजून मी हाय खाल्ली असती.

दोनदा ओरडा खाल्ला. एकदा मानेला खोबरेल चोपडून आलो म्हणून आणि एकदा ब्लेडने दाढी केली म्हणून. पाहुण्यांनी सुचवलेला हळदीचा लेपही तुमच्यामुळेच टळला.

खाण्याचं तर विचारूच नका. सोलकढीचा घोट म्हणजे तोंडात निखारा, बांगड्याचं तिकलं स्वप्नात. हिने उकड्या तांदळाची पेज मऊ घोटून तूप घालून द्यावी, तर ती मला ओल्या पुठ्ठ्यासारखी लागायची. "चवीसाठी नको, औषध म्हणून गिळा, नायतर नाकातून नळी," असं तुम्ही हिच्यादेखत बजावलंत. दर आठवड्याला काट्यावर उभं करायचात. चार किलो उतरलो, नळी टळली. लिटरभर पाण्यात चमचाभर मीठ, चमचाभर खायचा सोडा, त्याच्या गुळण्या दिवसातून सहा-सात वेळा. ते पाणी आमच्या घरात अजून भरलेलं असतं.

आता चतुर्थीचं. सतरा शेक झाले होते. सगळी मुंबई गावाकडे निघालेली आणि माझ्या खिशात तिकीट. चार दिवसांनी काय बिघडणार? तुम्ही तिकीट हातात घेतलंत, उलटसुलट बघितलंत आणि म्हणालात, "गणपतीक जावचा नाय." खाडा पडला की राहिलेल्या पेशी पुन्हा जोर धरतात, आधीच्या सतरांचं बळ कमी होतं. मी दोन दिवस तुमच्याशी बोललो नाही. (तसं बोलता कुठे येत होतं!) चतुर्थीला विभाग बंद होता, त्या दिवसाचा शेक शनिवारी बोलावून भरून काढलात. आरती मुलाने फोनवर ऐकवली. त्या शनिवारी ड्युटी नसताना तुम्ही आला होतात आणि डब्यात मोदकाचं सारण होतं, नुसतं. कळ्या मला चावल्या नसत्या. चव लागली नाही, हे तुम्हाला आज सांगतो.

बाकावर शेजारी बसणाऱ्या रत्नागिरीच्या ताईंचं ऑपरेशन स्तनाचं होतं. त्यांना पंधराच शेक, मास्क नाही, अंगावर नुसते गोंदणाचे ठिपके. म्हणून हे वाचणाऱ्यांनी माझा हिशोब आपल्याला लावू नये, आपल्या डॉक्टरांना विचारावं. पण नातवाला जवळ घ्यावं की नाही, ही धास्ती आम्हा दोघांना सारखीच होती. बाहेरून शेक घेतला की अंगात काही उरत नाही, असं तुम्ही म्हणालात. त्या रात्री नातू माझ्या कुशीत झोपला.

तोंड उघडायच्या व्यायामाचा आईस्क्रीमच्या काड्यांचा गठ्ठा अजून कपाटावर आहे. दातांमध्ये नऊ मावायच्या, परवा चौदा गेल्या. तोंड अजून कोरडं पडतं, पाण्याची बाटली सोबत लागतेच. चव मात्र तुकड्या-तुकड्यांनी येतेय, आधी खारट आलं. एप्रिलमध्ये घरचा पहिला हापूस कापला, तर वास पूर्ण आणि गोडी निम्मी.

पुढच्या महिन्यात तपासणीला येतोय, पेटी घेऊन. नको म्हणालात तर दोन दिवस बोलणार नाही.

आपला,
देवगडचे कंडक्टर काका