पुरातला साज

प्रिय भावा,

तुझ्या रहस्यकादंबरीचं बाड पोचलं. कुरिअरवाल्यानं ते कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात ठेवलं होतं, त्यामुळे पहिली दोन प्रकरणं माझ्याआधी दुकानदारानंच वाचली. "खून जरा लवकर पाडायला पायजे हुता," असा त्यांचा अभिप्राय आहे. माझा वेगळा आहे, आणि लांबलचक आहे. तू "हातचं राखू नको" म्हणून बजावलंस, तेव्हा आता राग मानायचा नाही.

आधी जमलंय ते सांगतो. ऑगस्ट २०१९ चा कोल्हापूरचा पूर निवडलास, हे भारी केलंस. रहस्यकथा लिहिणारे चारी बाजूंनी बंद अशी जागा शोधत बसतात. तुला पंचगंगेनं सगळं शहरच बंद करून दिलं. शिरोलीजवळ हायवेवर पाणी, पुण्याकडची वाहतूक ठप्प, पेट्रोल फक्त अत्यावश्यक गाड्यांना, आणि उपसा केंद्रं पाण्यात गेल्यामुळं चहूकडं पाणी असून नळ कोरडे. म्हणजे चोर शहरात, माल शहरात, आणि चोरालासुद्धा घागर घेऊन टँकरच्या रांगेत उभं राहावं लागतंय. ती रांग तू झकास रंगवलीयस. राजाराम बंधाऱ्याच्या पातळीवरून प्रकरणांना नावं देणंही आवडलं: ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, आणि शेवटी ५५. त्या दिवसांत शेंबडं पोरगंसुद्धा सकाळी उठून आधी "किती फूट?" विचारायचं.

आता खोड्या. तुझा मुंबईचा इन्स्पेक्टर ६ ऑगस्टला तांबडा-पांढरा ओरपतो. मर्दा, श्रावण लागला होता की! आदल्याच दिवशी नागपंचमी आणि सोमवार एकदम झाले होते. पेठेतल्या खानावळीत बसून हा मटण खातोय आणि कुणी मान वळवूनही बघत नाही? आणि भाजी मिळायची मारामार, तिथं मटण कुठनं आलं? पुण्यात राहिलं की कोल्हापूर म्हटल्यावर हात आपोआप रश्श्याकडं जात असणार.

गुन्हा तू भारतीय न्याय संहितेखाली नोंदवलायस. ती लागू झाली १ जुलै २०२४ ला. २०१९ च्या गुन्ह्याला जुनं भारतीय दंड विधान, म्हणजे भादंविच लागणार: घरातल्या चोरीला ३८०, रात्रीच्या घरफोडीला ४५७, चोरीचा माल घेणाऱ्याला ४११, खुनाला ३०२. आणि तो शेवटचा कबुलीजबाब! इन्स्पेक्टर टेबलावर मूठ आपटतो, आरोपी ढसाढसा रडून सगळं सांगतो, केस खलास. तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या २५ कलमानं पोलिसापुढची कबुली आरोपीविरुद्ध चालतच नाही. उपयोग होतो तो २७ चा. आरोपीनं "जागा दाखवतो" म्हणायचं, पंचांसमोर तसा पंचनामा व्हायचा, मग सगळी वरात जीपमधनं निघायची, आणि त्यानं दाखवलेल्या जागेतून वस्तू निघाली तर त्या शोधापुरतंच त्याचं बोलणं धरायचं. कोर्टात कारकुनी करताना असले पंचनामे मी इतके वाचलेत की झोपेतसुद्धा मजकूर सांगेन.

पंचांवरनं आठवलं. तेव्हाच्या सीआरपीसीचं, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं १०० वं कलम म्हणायचं, झडतीला त्याच भागातले किमान दोन तटस्थ आणि प्रतिष्ठित रहिवासी पंच घ्या. आता आपल्या पेठेत असे दोघं शोधून दाखव. प्रतिष्ठित ढिगानं मिळतील. तटस्थ कुठनं आणायचे? एक आरोपीच्या तालमीतला, दुसरा फिर्यादीच्या मेव्हण्याचा साडू, तिसऱ्याला विचारलं तर तो नेमका त्याच दिवशी जोतिबाला गेलेला. इथं तुला एक अख्खं प्रकरण मिळत होतं, ते तू "दोन पंच बोलावण्यात आले" एवढ्यावर उरकलंस.

आता त्या कोल्हापुरी साजाचं, कारण कादंबरीचा सगळा डोलारा त्याच्यावर आहे. तुझा सराफ चोरीचा साज दागिन्यावर कोरलेल्या एचयूआयडी नंबरावरून ओळखतो. तो सहा अक्षर-आकड्यांचा नंबर आला २०२१ मध्ये. आणि आजेसासूकडनं आलेल्या साजावर कसला नंबर आणि कसलं हॉलमार्क? जुना साज ओळखायचा तर तो वाचावा लागतो. २१ पानं: दहा अवतारांची, आठ अष्टमंगलाची, एक माणकाचं, एक पाचूचं आणि एक ताईत, मधेमधे जवमणी. वर सोन्याचा पत्रा, आत लाख. पिढ्यानपिढ्या वापरात एखादं पान झिजतं, एखादं गळतं, ते नवं करून घेतात, आणि नव्या पानाचा घाट जुन्यांत मिसळत नाही. मासा जरा जास्तच जाडा होतो, कासवाची पाठ सपाट येते. गुजरीतला, म्हणजे सराफ बाजारातला मुरलेला कारागीर तेवढ्यावरून "हे पान आमच्या वडिलांच्या हातचं" म्हणून सांगू शकतो. लाखेचं आणखी एक आहे. काट्यावर साज एक वजन दाखवतो, मुशीत आटवल्यावर लाख जळून जाते आणि हातात दुसरंच वजन येतं. ज्यानं घाईत, न विचारता माल घेतला, तो आटणीनंतर भांडायला उठणार, आणि गुजरीतलं भांडण संध्याकाळपर्यंत महाद्वार रोडला कळलेलं असतं. असला फुकटचा धागा सोडून तू नंबराच्या मागं का लागलास?

आणि साज गाठवतो कोण? पटवेगार. दोरा त्याचा, पीळ त्याचा, गाठ त्याची. सगळ्या बाडात हा माणूस एकदाही येत नाही. मला विचारशील तर तुझी कादंबरी त्याच्यापासनंच सुरू व्हायला पाहिजे. २०१९ ची वटपौर्णिमा होती १६ जूनला, म्हणजे पुराच्या दीड-दोन महिने आधी. ज्या घरचा साज, त्या घरची सून वडाला आली ती गळ्यात नुसतं मंगळसूत्र घालून. वर्षाचा सण, नवी पैठणी, नाकात नथ, आणि साज नाही. एकीनं विचारलं, "साज कुठाय गं?" सून म्हणाली, "गाठवायला दिलाय." आणि पटवेगाराकडं तो कधी आलाच नव्हता. बघ, दोन वाक्यांत काम झालं. साज पुरात चोरीला गेलाच नाही. तो त्याआधीच घरच्या मुलानं गहाण टाकला होता, पूर आला तेव्हा त्याला आयती घरफोडी मिळाली. घर चार दिवस पाण्यात, कपाट उलटंपालटं, कोण विचारणार?

वडाखाली जमलेल्या सगळ्या बायकांनी हे बघितलंय. म्हणजे तुझा मुंबईचा इन्स्पेक्टर यायच्या आधीच निम्म्या पेठेला अर्धं उत्तर माहीत आहे. म्हणून मला तो माणूसच नको वाटतो. तो हुशार आहे, देखणा आहे, इंग्रजी बोलतो, पण त्याला सापडण्यासारखं इथं काही नाही. आपल्या गावात कुणी केलं हे शोधावं लागत नाही, ते चहाच्या गाड्यावर कळतं. शोधावं लागतं ते हे, की कळलेलं कुणी बोलत का नाही, आणि कुणाला कुणाकडून काय येणं आहे. त्यासाठी बीटचा हवालदार पाहिजे. याच पेठेत वाढलेला, गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर रात्री पेला हातात धरून उभा राहणारा, ज्याला कुणी नमस्कार केला आणि कुणी टाळला यावरनं वारं समजतं. त्याची बायको वडाला गेली होती. तिनं बघितलंय आणि नवऱ्याला सांगितलेलं नाही, कारण सून तिच्या माहेरच्या गावची आहे. आता एका घरातच तपास सुरू झाला की नाही?

आता त्या बंगाली कारागिराचं. हे मला सगळ्यात जास्त खुपलं. त्याच घराच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहणारा हा सोन्याचा कारागीर पुरात वाहून जातो, प्रेत सापडतं, ठाण्यात अकस्मात मृत्यू दाखल, सीआरपीसीच्या १७४ कलमाचा पंचनामा, सीपीआर हॉस्पिटलात पोस्टमॉर्टम, आणि विषय बंद. पुढं सांगलीकडनं बोटीतून आलेल्या चोरांच्या टोळीनं मारलं असं कळतं, तेही दोन ओळींत. भावा, तू त्याला नावसुद्धा दिलेलं नाहीस. सगळे त्याला "बंगाली" म्हणतात, तूही तेच म्हणतोस. साज गहाण पडलाय हे बाहेरच्या फक्त एका माणसाला माहीत असणार, आणि तो हाच, कारण गहाणाचा माल पारखायला सोन्यातला माणूस लागतो आणि तो घरातच राहत होता. बुडालेल्या माणसाच्या हाडातल्या मज्जेत डॉक्टर डायटम शोधतात, पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ. ते सापडलं तर पाण्यात पडला तेव्हा त्याचा श्वास चालू होता, एवढं म्हणता येतं. पाय घसरला की मागनं हात लागला, हे डायटम सांगत नाही. ते सांगू शकते गल्ली. आणि गल्ली बोलत नाही, कारण मेलेला माणूस गल्लीचा नव्हता. त्याची आई हजारो किलोमीटरवर, भाषा वेगळी, ती कुठल्या ठाण्याच्या पायऱ्या झिजवणार?

तू सांगलीकडनं बोटीतून टोळी का आणलीस, ते मला कळलंय. आपल्या गल्लीत आपण लहान असताना एका घरातल्या पाटल्या गेल्या, तेव्हा भांडी घासणाऱ्या मावशींवर आळ आला. पाटल्या कुणी काढल्या ते पुढं सगळ्यांना कळलं, पण मावशींना कुणी जाऊन सांगितलं नाही. त्या घरात आपण दोघं जेवलोय, परीक्षेच्या आदल्या रात्री त्यांच्या माडीवर झोपलोय. ती वास्तू तू हुबेहूब उतरवलीस, ते तुळशीवृंदावन, तो जिन्याचा कठडा, आणि मग त्या घरातल्या माणसांना हात लावायची वेळ आली तेव्हा तुझी लेखणी अडली आणि बोट आली. टोळी आणलीस म्हणजे परत मावशींवरच आळ घेतलास. मला हे लिहायला बरं वाटत नाही, पण दुसरं कोण सांगणार तुला?

घराण्याची अब्रू सांभाळायची तर त्यासाठी दुसरे उपाय आहेत. वाडा शुक्रवार पेठेतनं उचल, तुळस काढ, कठडा बदल, मुलाचा धंदा बदल, दोन बहिणींच्या जागी एक भाऊ कर. आमच्या आईनं वाचून ओळखलं नाही तर कुणीच ओळखणार नाही. ती परीक्षा मी घेतो. पण गुन्हा घरातला आहे तो घरातच राहू दे. आणि त्या कारागिराला नाव, गाव, एखादी सवय दे. तो रविवारी घरी फोन लावताना गच्चीवर जायचा, असं काहीतरी.

शेवटचं प्रकरण पुन्हा लिहायच्या आधी इकडं ये. हायकोर्टाचं सर्किट बेंच झाल्यापासून भाऊसिंगजी रोडवर गाडी लावायला जागा नसते, तेव्हा बिंदू चौकात उतर आणि चालत ये. गुजरीतल्या एका पटवेगारांशी बोलून ठेवलंय. साज हातात देऊन गाठ कशी ओळखायची ते दाखवतो म्हणालेत. दुपारी बारानंतर जाऊ, सकाळी गिऱ्हाईक असतं. वही-पेन घेऊन ये. फोनवर रेकॉर्ड करायला लागलास तर म्हातारा बोलायचा बंद होतो.

तुझा,
बापू