दाह, कॅल्शियम आणि रक्तदाब

महोदय,

आपल्या आरोग्य पुरवणीतील अलीकडच्या एका लेखात दाहाविषयी (इजा वा संसर्गाला शरीराने दिलेली प्रतिक्रिया, इन्फ्लमेशन) 'दाहामुळे पेशींतले कॅल्शियम वाढते, रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्तदाब चढतो' असे सरसकट विधान होते. ते अर्धेच खरे आहे, आणि वगळलेला अर्धा भाग अतिदक्षता विभागात रुग्णाच्या जिवावर बेततो.

रक्तवाहिनीच्या भिंतीतील अनैच्छिक स्नायुपेशी शिथिल असताना तिच्यातले मुक्त कॅल्शियम बाहेरच्या द्रवाच्या सुमारे दहा हजारांश असते. ते वाढून कॅल्मोड्युलिन या प्रथिनाला जोडले गेले, की मायोसिनवर (आकुंचन घडवणाऱ्या प्रथिनावर) फॉस्फेट चढवणारे विकर (एन्झाइम) कार्यान्वित होते आणि पेशी आकुंचन पावते. दाहातली रसायने मात्र या कॅल्शियमवर एकसारखा परिणाम करत नाहीत. प्लेटलेटमधून सुटणारे थ्रॉम्बॉक्सेन हे कॅल्शियम वाढवते, तर वाहिनीच्या अस्तरातून येणारे प्रोस्टासायक्लिन ते उतरवते. गंमत म्हणजे दोन्ही एकाच मेदाम्लापासून बनतात. ॲलर्जीत सुटणाऱ्या हिस्टामिनचे वागणे तर जागेप्रमाणे बदलते. अस्तराला नायट्रिक ऑक्साइड सोडायला लावून ते वाहिनी सैल करते; मात्र हृदयधमनीच्या स्नायुपेशींवर थेट पोहोचले तर पेशीतल्या साठ्यातून कॅल्शियम मोकळे करून तिला आवळते. म्हणूनच तीव्र ॲलर्जीत क्वचित हृदयविकाराचा झटकाही येतो.

सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे गंभीर जंतुसंसर्गामुळे रक्तदाब कोसळतो तेव्हा, लेखातील विधान पुरते उलटते. ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर आणि इंटरल्युकिन-१ या दाह भडकवणाऱ्या प्रथिनांच्या प्रभावाखाली स्नायुपेशी स्वतःच भरमसाट नायट्रिक ऑक्साइड बनवू लागतात; त्यामुळे त्यांच्यातले कॅल्शियम घटते, जे उरते त्याला पेशी नीट दाद देत नाही, आणि रक्तवाहिन्या आवळणारे नॉरॲड्रेनलिन देऊनही रक्तदाब पुरेसा सावरत नाही. मग नायट्रिक ऑक्साइडची निर्मितीच रोखावी, हा विचार कागदावर बिनतोड होता. प्रत्यक्षात तसे औषध देऊन केलेल्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत रक्तदाब सुधारला, पण मृत्यू वाढले आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. 'दाह दाबा' असा सोपा सल्ला देणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर वाचावे.

त्याच लेखात ॲम्लोडिपिन या रक्तदाबावरील औषधाला 'कॅल्शियमविरोधी' म्हटले आहे. हे औषध स्नायुपेशीच्या पटलावरील कॅल्शियमची वाट अरुंद करते. आहारातील किंवा हाडांतील कॅल्शियमशी त्याचे वैर नाही. ते घेणाऱ्यांनी केवळ या शब्दाला बिचकून दूध वा नाचणी सोडू नये, एवढा खुलासा पुढील पुरवणीत ठळकपणे छापावा, ही विनंती.

आपला,
शरीरक्रियाशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक