बिनकामाचा बुरूज

धुळे

प्रिय हिलाल,

सप्रेम नमस्कार. कसा शे भो? लेकीकडून परवा परतलो. एका बुरुजाबद्दल सविस्तर लिहीन असं फोनवर म्हटलं होतं, ते आज लिहायला बसलो.

इंग्लंडात वूस्टरशायरमध्ये ब्रॉडवे नावाचं गाव आहे. त्याच्या डोंगरावर, ३१२ मीटर उंचीवर, हा बुरूज एकटाच उभा. षट्कोनी बांधणी, अंगाला बिलगलेले तीन गोल बुरूज, बाहेर काढलेले सज्जे, माथ्यावर चर्या. उंची वीसेक मीटर. आपल्या लळिंग किल्ल्यावर पाहतो तसे तट आणि पाण्याची टाकी शोधायला मी मागे गेलो, तर नुसतं कुरण! किल्ला तिथे कधी नव्हताच. एवढा बुरूज निव्वळ देखाव्यासाठी. असल्या बांधकामाला तिकडे 'फॉली' म्हणतात.

कल्पना केपेबिलिटी ब्राउन या बागा आखणाऱ्याची, १७९४ चा आराखडा जेम्स वायटचा, बांधकाम १७९८-९९ चं. या डोंगरावर पूर्वीपासून टेंभा पेटवत. तो आपल्या वूस्टरच्या घरातून दिसेल का, असं लेडी कॉव्हेंट्रीच्या मनात आलं आणि तिने खर्च केला. मधलं अंतर पस्तीसेक किलोमीटर, म्हणजे आपलं धुळे-पारोळा. आणि जाळ दिसला म्हणे!

पुढे तिथे सर थॉमस फिलिप्सचा छापखाना आला. नंतर कॉर्मेल प्राइस या शिक्षकाने बुरूज भाड्याने घेतला आणि त्याचा मित्र, कवी आणि नक्षीकार विल्यम मॉरिस, तिथे राहायला येऊ लागला. मॉरिसच्या मुलीने लिहून ठेवलंय, पुरुषांना आंघोळ गच्चीवर करावी लागे, तीही वाऱ्याने साबण उडवून नेला नाही तर. गच्चीवर मी टोपी हाताने धरून उभा होतो, त्यामुळे ते अगदी पटलं.

पण तुला लिहावंसं वाटलं ते वेगळ्याच गोष्टीसाठी. १८७६ साली मॉरिसने याच बुरुजातून पत्र लिहिलं, की जुनी चर्चं दुरुस्तीच्या नावाखाली खरवडून नवी केली जातायत, हे थांबवायला मंडळ हवं. १८७७ मध्ये ते निघालं, आजही चालू आहे. त्याचं म्हणणं साधं होतं: रोजची निगा राखा, गळती वेळेवर बुजवा, जुन्याला नवं करायला जाऊ नका.

हिलाल, ते वाचताना मला फरकांड्याचे झुलते मनोरे आठवले. तू वर चढून हलवायचास आणि मी दुसऱ्याला तळहात लावून डोळे मिटून उभा राहायचो. विटांच्या आतून ती थरथर हातात यायची, आधी बारीक, मग कोपरापर्यंत. त्या दोनातला एक कोसळला. आता उरलेला कोणाला हलवून दाखवणार? साथीदारच नाही त्याला. नुसत्या हौसेचा बुरूज सव्वादोनशे वर्षं धडधाकट उभा, आणि आपला असा जावा, याचं मला फार वाईट वाटलं. भिंतीतलं पिंपळाचं रोप वेळीच दिसायला कोणीतरी जात-येत राहायला हवं. आपण किती वर्षांत गेलो नाही, सांग बरं!

येत्या रविवारी मी पहिल्या गाडीने निघतो. तू कासोद्याला थांब, तिथून सोबत जाऊ. चढायचं नाही, हलवायचं नाही. चारही बाजूंनी फोटो काढू, भेगा कुठे आहेत त्या वहीत उतरवू आणि तो कागद घेऊन कचेरीत जाऊ. वहिनींना सांग, जेवायला येतोय. कळण्याची भाकरी आणि ठेचा पुरे.

तुझा,
सुरेश